जुनी फौजी तलवार हाती आली आणि कारागिराचं नाव कुणीच ऐकलेलं नसेल, तर काय करायचं?

माळा साफ करताना, वाटणीच्या वेळी किंवा जुन्या बाजारात अशी तलवार समोर येते. मूठ पितळेची किंवा पोलादी जाळीची, पातं लांब आणि निमुळतं, त्यावर वेलबुट्टी आणि इंग्रजी अक्षरं. मराठा धोप नाही, पट्टा नाही, हे लगेच कळतं. ही ब्रिटिश काळातल्या फौजी अधिकाऱ्याची तलवार. पात्यावर नाव असतं, ते मोबाइलवर शोधलं की काहीच सापडत नाही. मग एक जण म्हणतो 'फारच दुर्मीळ आहे', दुसरा म्हणतो 'नकली आहे'. दोघांनीही तलवार नीट पाहिलेली नसते.

आमच्या आजोळी, साताऱ्याकडे, अशीच एक तलवार होती. तिचा छडा लावताना मला जे कळलं ते क्रमानं सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण नवखा माणूस सर्वांत आधी नाव वाचतो आणि तिथंच अडकतो. नाव सर्वांत शेवटी वाचायचं.

हाताशी काय हवं

- कापडी टेप आणि पोलादी पट्टी
- दहा पटींचं भिंग (घड्याळजी वापरतात ते चालतं)
- छोटी बॅटरी
- लोहचुंबक
- पातळ पारदर्शक कागद आणि मऊ पेन्सिल
- सुती हातमोजे, जुनी मऊ सुती कापडं
- शिवणयंत्राचं पातळ तेल
- वही

कागदपत्रांपैकी घरात जे असेल ते एकत्र करा: पेन्शनबुक, फौजेतून सुटल्याचा दाखला, पदकं, गणवेशातले फोटो, वाटणीपत्र. तलवार विकत घेतली असेल तर पावती. पावती नसेल तर विकणाऱ्याकडून सही-तारखेसह दोन ओळी लिहून घ्या.

१. आधी फोटो, पुसापुशी नंतर

चिंच, लिंबू, राख, पितळ चमकवायची पेस्ट, पॉलिशपेपर, यातलं काहीही तलवारीजवळ आणू नका. पात्यावरची नक्षी आम्लानं चरलेली असते आणि तिची खोली केसाएवढीही नसते. एका दुपारच्या घासण्यात पलटणीचं नाव कायमचं जातं. काळपट झालेलं पातं दिसायला वाईट असलं तरी त्याच्यावरची अक्षरं शाबूत असतात.

फोटो खिडकीच्या बाजूच्या उजेडात काढा. फ्लॅश नको. बॅटरी पात्याला जवळजवळ आडवी धरली की पुसट अक्षरांच्या कडांना सावली येते. आमच्या तलवारीवर समोरून पाहिलं तर नुसता करडा पट्टा दिसायचा. उजेड आडवा पडल्यावर मुकुटाच्या कमानी आणि खाली दोन अक्षरं वर आली. दोन्ही बाजू, पात्याची पाठ, मुठीच्या आतली बाजू, मोगरा (मुठीच्या वरच्या टोकाचा गोळा) आणि म्यानाची तोंडाकडची कडी यांचे वेगवेगळे फोटो हवेत.

२. मूठ वाचा

सालाचा पहिला अंदाज मूठ देते. पायदळाच्या अधिकाऱ्यांपुरतं बोलायचं तर ढोबळ ओळख अशी.

परज, म्हणजे बोटांवरची जाळी, पितळेची आणि तिच्यात राजाबाई टॉवरच्या खिडक्यांसारख्या टोकदार कमानी असतील, तर तो १८२२चा नमुना. त्याला गॉथिक मूठ म्हणतात. या परजेची आतली बाजू बिजागरीवर दुमडत असेल, तर तलवार बहुधा १८५४ पूर्वीची. ही दुमडणारी पट्टी त्या वर्षी बंद झाली आणि परज अखंड झाली.

परज पोलादी, वाडग्यासारखी, भोकांच्या नक्षीची असेल तर ती १८९५ किंवा त्यानंतरची. आतली कड खाली वळवलेली असेल तर १८९७चा नमुना. कपड्यांना घासू नये म्हणून ती कड वळवली. हाच नमुना ब्रिटिश पायदळ आजही समारंभाला वापरतं, त्यामुळे '१८९७ची तलवार' या शब्दांचा अर्थ '१८९७ साली बनलेली' असा मुळीच होत नाही. विक्रेते इथं सर्रास घोळ घालतात, कधी अजाणता, कधी जाणूनबुजून.

तीन साध्या पोलादी दांड्यांची मूठ हलक्या घोडदळाची किंवा तोफखान्याची. जाळीत बिगुल दिसला तर रायफल पलटण. मोगऱ्याच्या जागी सिंहाचं तोंड आणि परजेवर नांगर असेल तर ती नौदलाची.

लोहचुंबक इथं लावा. मुलामा दिलेलं लोखंड आणि खरं पितळ यांत डोळा फसतो, चुंबक फसत नाही. मुठीचा दांडा खरखरीत कातड्याचा आणि त्यावर पिळलेली तार असेल तर ते पाकट किंवा शार्कचं कातडं. प्लॅस्टिकवर तसे दाणे साच्यातून काढलेले असतात. भिंगाखाली सगळे दाणे एका मापाचे दिसतात, खऱ्या कातड्यात लहानमोठे.

३. पातं वाचा

पायदळाच्या अधिकाऱ्याचं पातं साधारण साडेबत्तीस इंच, म्हणजे ८२-८३ सेंटिमीटर. मापात फार तफावत असेल तर टोक तुटून पुन्हा घासलंय का ते पाहा. टोकाजवळ नक्षी मध्येच कापल्यासारखी संपते, त्यावरून ते कळतं.

पाठीवर पेन्सिलीसारखी गोल दांडी धावत असेल तर ते १८२२चं पातं. १८४५पासून लंडनचे तलवार घडवणारे हेन्री विल्किन्सन यांच्या धर्तीचं पातं आलं: पाठ सपाट, दोन्ही बाजूंना रुंद पन्हळ, किंचित बाक. १८९२ला पातं सरळ आणि अरुंद झालं, कारण अधिकाऱ्यानं वार करण्यापेक्षा भोसकावं असं ठरलं.

इथं एक गुंता लक्षात ठेवा. नमुना बदलला तरी जुनी तलवार कुणी फेकून देत नसे. वडिलांचं पातं मुलगा नव्या मुठीत बसवून घ्यायचा. त्यामुळे १८४५चं पातं आणि १८९५ची परज एकत्र दिसली म्हणून लगेच 'जोडजाड' म्हणू नका. मोगऱ्यावरची शेपटी, म्हणजे पात्याचं मुठीतून आरपार येऊन वर ठोकलेलं टोक, जुनी आणि शांत दिसते का ते बघा. ताज्या हातोडीच्या खुणा चकाकतात.

धार आहे का? समारंभापुरती वापरलेली पाती बोथटच राहायची. मोहिमेवर निघण्याआधी मात्र त्यांना धार काढली जाई. पात्याच्या पुढच्या भागात जुनी, दबलेली धार असेल तर ती किंमत कमी करणारी खोट समजू नका. ती तलवार कुठंतरी गेलेली असण्याची शक्यता आहे.

४. मुकुट, अक्षरं, पलटण

परजेवर किंवा पात्यावर राजाची आद्याक्षरं असतात. 'व्ही आर' म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. 'ई आर' आणि सातचा रोमन आकडा म्हणजे एडवर्ड, १९१०पर्यंत. त्यानंतर 'जी आर' आणि पाच, १९३६पर्यंत. मग 'जी आर' आणि सहा. अक्षरं झिजली असतील तर मुकुट पाहा. व्हिक्टोरियाच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबतात, १९०१ नंतरच्या राजांच्या मुकुटाच्या कमानी गोल उठतात. अक्षरांना शेवटी 'आय' जोडलेला असेल, तर तो सम्राज्ञी किंवा सम्राट या पदवीचा. व्हिक्टोरियाला ती पदवी १८७६च्या कायद्यानं मिळाली, त्यामुळे तशी तलवार त्याआधीची नसते आणि हिंदुस्थानाशी संबंध असण्याची शक्यता वाढते.

अशोकस्तंभ दिसला तर तलवार प्रजासत्ताकाच्या काळातली. चांगली असेलही, पण पुरातन नाही.

पलटणीचं नाव असेल तर तुमचं नशीब. आपल्याकडच्या पलटणींचे आकडे सालं सांगतात. १९०३ साली हिंदुस्थानी फौजेचा सरसेनापती किचनेर याच्या फेररचनेत मुंबईच्या पायदळी पलटणींच्या आकड्यात शंभर मिळवले गेले: दहावी बॉम्बे इन्फन्ट्री ती ११०वी झाली. १९२२ला १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री उभी राहिली. म्हणजे पात्यावर '११०' कोरलेलं असेल तर ते कोरकाम १९०३ ते १९२२च्या दरम्यानचं. पातं त्याआधीचं असू शकतं, कोरकाम नाही.

तलवार सुभेदार-जमादाराची असण्याचीही शक्यता धरा. हिंदी अधिकारीही तलवार बाळगत, आणि सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या घरांत सापडणाऱ्या अनेक तलवारींमागे साहेब शोधण्याची गरज नसते.

५. आता नाव

इंग्रज फौजेत शिपायाची तलवार सरकार देई, अधिकारी आपली तलवार स्वतःच्या पैशानं विकत घेई. म्हणून शिपायाच्या तलवारीवर सरकारी तपासणीचे ठसे असतात आणि अधिकाऱ्याच्या तलवारीवर दुकानाचं नाव. हे दुकान बहुतेक वेळा लष्करी शिंप्याचं असायचं. गणवेश, पट्टा, टोपी, तलवार सगळं एकाच बिलावर. शिंपी पातं घडवत नसे. तो ते बर्मिंगहॅमच्या किंवा जर्मनीतल्या झोलिंगनच्या कारखान्यातून मागवायचा आणि त्यावर आपलं नाव चरून घ्यायचा.

तेव्हा 'अनोळखी कारागीर' या कोड्याचं पहिलं उत्तर असं, की तो बहुतेक वेळा कारागीरच नसतो. मुंबईत काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही नावाची इमारत आहे ना, ती ज्या संस्थेची होती त्या संस्थेचं नाव असलेल्या तलवारीही मिळतात. ती सहकारी भांडाराची तलवार. हे कळलं की शोधाचे दोन भाग पडतात: दुकान कुठलं, आणि पातं कुणाचं.

दुकानासाठी नावाइतकाच पत्ता महत्त्वाचा. दुकानं रस्ता बदलत, भागीदार घेत, वारसांकडे जात. नावाआधी 'लेट' असा शब्द असेल तर त्याचा अर्थ 'पूर्वीचे अमुक', म्हणजे दुकान नव्या मालकाकडे गेलेलं. लंडनच्या जुन्या व्यापारी निर्देशिकांची पानं आता इंटरनेटवर वाचता येतात. त्यात ते नाव त्या पत्त्यावर कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत दिसतं याचा तक्ता करा. मुठीवरून आणि मुकुटावरून आलेला कालखंड त्याच्याशी ताडून पाहा. तिन्ही एकमेकांत बसले की साल दहाएक वर्षांच्या आत येतं.

पात्याच्या घडणाऱ्यासाठी तीन जागा तपासा.

पहिली, पात्याची पाठ, मुठीला लागून. आजोळच्या तलवारीवर समोर एका शिंप्याचं नाव होतं, ते कुठल्याच यादीत धड सापडत नव्हतं. पाठीवर कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली तेव्हा चार अक्षरांचा छोटा ठसा उमटला: मोल. रॉबर्ट मोल हे बर्मिंगहॅमचे जुने तलवार घडवणारे. हिंदुस्थानी घोडदळाच्या सवारांसाठीही त्यांनी पुष्कळ तलवारी पुरवल्या, १९२०च्या सुमारास विल्किन्सननं त्यांचा धंदा घेतला. दुकान अनोळखी, पातं मात्र मातब्बर घराण्यातलं.

दुसरी जागा, मुठीजवळच्या बोथट भागातली पितळी टिकली. पात्यात बसवलेली ही टिकली म्हणजे पातं वाकवून, आपटून तपासल्याची ग्वाही. विल्किन्सनच्या टिकलीभोवती सहा टोकांची चांदणी असते. कोकणातल्या बेने इस्रायली मंडळींनी मुंबईच्या फौजेत मोठी कामगिरी केली हे खरं, पण म्हणून ही चांदणी पाहून 'ज्यू अधिकाऱ्याची तलवार' असा निष्कर्ष काढू नका. ती निव्वळ सजावट आहे आणि इतर कारखान्यांनीही तिची नक्कल केली. टिकली आहे एवढ्यावरून विल्किन्सन ठरत नाही, नाव वाचा.

तिसरी जागा, पाठीवरचा आकडा. विल्किन्सनच्या चांगल्या प्रतीच्या पात्यांवर १८५४पासून अनुक्रमांक आहेत आणि त्यांच्या नोंदवह्या टिकून आहेत. आकड्यावरून साल, आणि कित्येकदा खरेदीदाराचं नाव मिळतं. छोट्या दुकानांच्या वह्या बहुधा उरलेल्या नाहीत, त्यामुळे तिथं घरच्या कागदांवरच भिस्त.

दुर्मीळ नाव म्हणजे मोठी किंमत, हे समीकरण मनातून काढा. संग्राहक आधी बघतो तलवार कोणाची होती ते, मग अवस्था, मग पात्याची प्रत. न ऐकलेल्या शिंप्याचं नाव अभ्यासकाला आवडतं. लिलावात त्याला कुणी विचारत नाही.

६. फसवणुकीच्या जागा

- नक्षी पात्याच्या गंजावरून गेलेली आहे का? खऱ्यात गंज नक्षीवर चढतो. उलट असेल तर नक्षी काल-परवाची.
- अक्षरांच्या कडा भिंगाखाली खणल्यासारख्या तीक्ष्ण असतील तर यंत्रानं कोरलेलं. आम्लानं चरलेल्या अक्षरांचा तळ किंचित खरखरीत असतो.
- सालांची भेळ: व्हिक्टोरियाची अक्षरं आणि राजाचा गोल मुकुट एकत्र.
- 'सत्तावन्नच्या बंडातली', 'अमुक सरदाराची' अशा गोष्टी, कागदाशिवाय. गोष्टीचे पैसे देऊ नका.
- म्यान दुसऱ्याच तलवारीचं. पातं शेवटपर्यंत सहज जाऊन तोंडाशी घट्ट बसायला हवं. तपकिरी चामडं मढवलेलं लाकडी म्यान मोहिमेच्या गणवेशाचं. ते सॅम ब्राउन पट्ट्याला लागायचं, आणि हा पट्टा १८५८ साली डावा हात गमावलेल्या हिंदुस्थानी फौजेतल्या अधिकाऱ्याच्या नावाचा आहे.

७. कायद्याची बाजू

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. दोन कायदे लागतात.

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि २०१६चे नियम: घरगुती वा शेतीच्या वापराची नसलेली, नऊ इंचांपेक्षा लांब पात्याची धारदार हत्यारं या नियमांत येतात, आणि तलवारीचा तर नावानिशी उल्लेख आहे. ती बाळगायला परवाना लागतो की नाही हे तुमच्या भागाला लागू असलेल्या अधिसूचनेवर ठरतं. म्हणून पोलीस आयुक्तालयात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी अर्ज द्या. सोबत फोटो, मापं, वारसा किंवा खरेदीचा कागद जोडा आणि पोचपावती घ्या. तोंडी 'काही लागत नाही हो' यावर थांबू नका. ती पोचपावतीच पुढं कामी येते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७खाली मनाई आदेश असताना तलवार घेऊन बाहेर पडणं गुन्हा ठरतो. मिरवणूक, लग्नाचा फोटो, समाजमाध्यमांवरची रीळ, यातलं काहीही या तलवारीचं काम नाही.

पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२: शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, परदेशातल्या भावाला 'भेट' म्हणूनही नाही. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, तो दुकानदाराकडे मागा. नोंदणी सक्तीची आहे ती शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांची. तलवारीबाबत नोंदणी अधिकाऱ्याचं उत्तर लेखी घेतलेलं बरं.

लंडनच्या लिलावात हौसेनं घेऊन कुरिअरनं मागवणाऱ्यांना: आयातीचा परवाना आणि सीमाशुल्क यांचा निकाल लागल्याशिवाय बोली लावू नका.

८. माणूस शोधणं

पात्यावर आद्याक्षरं किंवा कुलचिन्ह असेल तर पलटण आणि कालखंड धरून इंडियन आर्मी लिस्टमध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या छापील सरकारी यादीत, शोधा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दप्तर आहे. तिथं पत्र पाठवताना नाव, पलटण आणि वर्षं नेमकी द्या. 'लंडन गॅझेट', म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, घरबसल्या शोधता येतं. आपल्याकडे बेळगावचं मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आणि दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. जुळवून पाहायला पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय इथली शस्त्रदालनं एकदा बघून या.

९. निगा

तलवार चामडी म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात पात्यावर लाल पुळ्या येतात. पातं आणि म्यान वेगवेगळं, सुती कापडात, आडवं ठेवा. पात्याला पातळ तेलाचा हात, तोही जवळजवळ पुसून टाकलेला. मुठीच्या कातड्याला तेल लावायचं नाही. मूठ हलत असली तरी ठोकून घट्ट करू नका आणि लोहाराकडे नेऊ नका. पात्याला उघड्या बोटांनी हात लावू नका. घामाचा ठसा आठवड्यात गंजाच्या रूपानं दिसतो.

खंडेनवमीला पूजेत मांडायची असेल तर मांडा, पण हळद-कुंकू आणि झेंडू पात्यावर नको. ओलं कुंकू आणि फुलांचा रस पोलादावर काळे डाग पाडतो, ते निघत नाहीत. म्यानावर किंवा तलवारीखालच्या वस्त्रावर वाहा, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पातं कोरडं पुसून पुन्हा तेलाचा हात द्या.